दोघांपैकी एकाची संमती

गेले आठ महिने चाचांना फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. सलामचं उत्तर देऊन ते विचारायचे, "ते चालू आहे का?" मी म्हणायचो, "नाही चाचा, बंद आहे." ते "बरं" म्हणायचे. मग पाऊस, गुडघेदुखी, कसारा लोकलची गर्दी एवढंच बोलून फोन ठेवायचे. ज्या माणसाने मला भातसा नदीत पोहायला शिकवलं, तो माझ्याशी जपून बोलायला लागला होता. याला कारण मीच होतो. कायद्याच्या दृष्टीने मी काही चुकीचं केलं नव्हतं, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

आम्ही खडवलीचे. टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधलं हे स्टेशन मुंबई-ठाण्याच्या लोकांना रविवारच्या नदीमुळे माहीत असतं. अब्बांनी आयुष्यभर भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिले. दुसऱ्याचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही. स्वतःच्या घरातला सर्वात मोठा व्यवहार मात्र त्यांनी कुठेच लिहिला नाही. जानेवारी २०२० मध्ये चाचांच्या मुलाला शारजाला नोकरी लागत होती. एजंटचे पैसे, तिकीट, आधीची देणी, असे मिळून चाचांना ३ लाख २० हजार लागणार होते. अब्बांनी कारखान्यातून मिळालेल्या पैशातून ते रोख दिले. अम्मीने विचारलं, "कागद?" अब्बा म्हणाले, "भावाचा काय कागद करायचा?"

२०२२ मध्ये अब्बा गेले. माणूस गेल्यावर त्याचं येणं हे वारसांचं होतं. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे ४० हजार. उरलेल्या २ लाख ८० हजारांत माझे १ लाख ४० हजार आणि दोन बहिणींचे प्रत्येकी ७० हजार. हा हिशेब मी मुद्दाम इथे मांडतोय. आपल्याकडे बहिणींचा हिस्सा जुम्याच्या बयानात ऐकू येतो आणि घरात विसरला जातो. माझी धाकटी बहीण त्या वेळी भाड्याच्या घरातून बाहेर पडायच्या बेतात होती. ती कधी काही बोलली नाही, पण तिचे ७० हजार माझ्या डोक्यावर होते.

चाचांना मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, देतो. दुसऱ्यांदा, लग्नाला जमलेल्या चार माणसांसमोर म्हणाले, "दोनच लाख होते रे. बाकीचे मी भाईंना हातात दिले होते." अब्बा खोटं-खरं सांगायला नव्हते. अम्मी गप्प बसली. मी घरी आलो आणि फोनची सेटिंग उघडली.

माझ्या फोनमध्ये कॉल रेकॉर्ड करण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे. समोरच्याला काहीही ऐकू जात नाही. सगळ्याच फोनमध्ये असं नसतं. प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपची वाट गूगलने मे २०२२ मध्ये बंद केली. गूगलच्या स्वतःच्या फोन अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की दोन्ही बाजूंना तशी सूचना ऐकू येते. आयफोनमध्ये ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तीही सूचनेसकट. माझा फोन मात्र मुका होता. मला तो तसाच हवा होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका संध्याकाळी मी चाचांना फोन केला. चौदा मिनिटं बोलणं झालं. पैशाचा विषय मी तिसऱ्या मिनिटाला काढला. एकटे असल्यामुळे असेल, चाचा सरळ बोलले. म्हणाले, "तीन वीस घेतले, त्यातला पैसासुद्धा परत गेला नाही, मला काय माहीत नाही? पण चार लोकांत विचारलंस, मी काय बोलणार?" हे सगळं चाळीस सेकंदांत झालं. माझं काम तिथेच संपलं होतं. पण चाचांचं संपलं नव्हतं. ते रडायला लागले. शारजातल्या मुलाची नोकरी सहा महिन्यांपूर्वीच गेली होती. तो मिळेल ते काम करत होता, मित्रांकडून उसने घेऊन घरी पैसे पाठवत होता. बायकोला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. "सुनेला कळता कामा नये," चाचा म्हणाले. "तुझ्याशिवाय कुणाला बोललो नाही." मी "नाही चाचा, काळजी करू नका" म्हणालो. तेही रेकॉर्ड झालं.

बासी ईदच्या दिवशी आम्ही चाचांच्या घरी जमलो. विषय निघाला. चाचा पुन्हा दोन लाखांवर आले. मी खिशातून फोन काढला आणि समोर ठेवला. तिसऱ्या मिनिटाशी नेऊन लावायचा, चाळीस सेकंद ऐकवायचा आणि बंद करायचा, एवढंच करायचं होतं. पण मला राग आलेला होता आणि त्या दिवशी मी बरोबर होतो. मी फाइल लावली आणि तशीच चालू दिली. चाचांचा आवाज त्यांच्याच बैठकीच्या खोलीत घुमत राहिला. कुणीतरी "बंद कर" म्हणालं, तोवर मुलाचा विषय येऊन गेला होता. स्वयंपाकघराच्या दारात सून शीरखुर्म्याचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे शांतपणे खाली ठेवला आणि आत गेली.

चाचा माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "तू हे घेत होतास?"

दुसऱ्या आठवड्यात मी कल्याण कोर्टातल्या एका वकिलांकडे गेलो. अब्बांच्या ओळखीचे. मला वाटलं होतं, ते आधी रेकॉर्डिंगवरून झापतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बोलणाऱ्या दोघांपैकी एक तुम्ही होता ना?" मी हो म्हणालो. "मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि मला मुंबईच्या दोन जुन्या खटल्यांची गोष्ट सांगितली. नंतर मी दोन्ही निकाल वाचले.

पहिला युसुफअली इस्माईल नगरी यांचा, निकाल १९६७ चा. मुंबई महापालिकेत शेख आडनावाचे एक कारकून होते. त्यांना लाच देऊ केली गेली. त्यांनी लाचलुचपत विभागाला कळवलं आणि स्वतःच्या घरी माइक लपवून ते संभाषण टेप केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, घटनेचा फोटो जसा पुरावा असतो तशीच त्या क्षणी केलेली टेपही असते. टेपमध्ये फेरफार करणं सोपं असतं, म्हणून ती जपून तपासायला हवी, हेही सांगितलं. लाच देणारा आपल्यातला, ती नाकारून गवाही देणाराही आपल्यातला. बातम्यांमध्ये आपली नावं एकाच बाजूला दिसायची सवय झालेल्या मला हे वाचून बरं वाटलं.

दुसरा खटला आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मलकानी मुंबईचे कॉरोनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी. १९६४ मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर एक रुग्ण दगावला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडून मलकानींनी पैसे मागितले. मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरने लाचलुचपत विभागाला सांगितलं आणि त्याच्या संमतीने त्याच्या फोनला टेप रेकॉर्डर जोडला गेला. मलकानींचं म्हणणं होतं की हे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या विरुद्ध आहे आणि माझ्या खाजगीपणावर घाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते फेटाळलं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतः परवानगी दिली असेल तर ते चोरून तारेत घुसणं होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निरपराध माणसाच्या फोनवरच्या बोलण्याला संरक्षण आहे, हेही त्याच निकालात आहे.

आज आपल्याकडे 'एकाची संमती पुरे' असं जे म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. तिसऱ्याने ऐकणं वेगळं. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकलं आणि तिचं तिच्या आईशी झालेलं बोलणं ऐकलं, तर तिथे दोघांपैकी एकाचीही संमती नाही. ते या सवलतीत बसत नाही.

"पण पुरावा म्हणून चालायला आणखी काही लागतं," वकील म्हणाले. त्यांनी जालन्याचं उदाहरण दिलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले आणि कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. अर्ज वेळेत भरले गेले का, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओत होता. पण त्या व्हिडिओसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो.

"म्हणजे अख्खी फाइल द्यावी लागेल?" मी विचारलं.

"अख्खी. तुम्हाला हवी तेवढी कापून आणलीत तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच विचारेल."

मी गप्प झालो. न्यायालयाला पूर्ण चौदा मिनिटं हवी होती. आणि त्या चौदा मिनिटांत दुसऱ्याच्या मुलाची अब्रू होती.

शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उसन्या पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. कोविडच्या काळाची सूट धरूनही आमची मुदत त्याच जानेवारीत संपली होती. म्हणजे ज्या रेकॉर्डिंगसाठी मी एवढं केलं, ते होण्याआधीच दावा मुदतबाह्य झाला होता. "आता एकच," वकील म्हणाले. "चाचांनी स्वतः लिहून, सही करून दिलं की मी हे पैसे देईन, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदत गेलेल्या कर्जाचा असा लेखी वायदासुद्धा धरला जातो. पण तो त्यांनी आपणहून द्यायला हवा." मी कल्याणहून लोकल पकडली. टिटवाळ्यापर्यंत उभाच होतो, पण जागा मिळाल्यावरही बसावंसं वाटलं नाही.

आमच्या भागात फोनबद्दल आधीच एक धास्ती आहे. खडवलीहून पडघा फार लांब नाही. पडघ्याजवळच्या बोरिवली गावात डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएचे छापे पडले, तेव्हापासून कितीतरी घरांत 'फोनवर नको, भेटून बोलू' हे वाक्य वाढलं. सरकारने फोन ऐकण्याबद्दल निदान नियम आहेत. पीयूसीएलच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला अटी घातल्या. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. आपण मुसलमान या गोष्टींवर हक्काने बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण चाचा माझ्याशी बोलताना घाबरले ते सरकारच्या कानाला नाही. पुतण्याच्या कानाला.

शारजाहून चुलत भावाचा फोन आला तो मेमध्ये. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "भाईजान, तुम्ही इथे असता तर आत गेला असता." ते खरं आहे. संयुक्त अरब अमिरातीत समोरच्याच्या संमतीशिवाय त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, कैद आणि मोठा दंड दोन्ही आहेत. आपल्या कोकणी मुस्लिम घरांत अर्धं बोलणं आखाती देशांशी होतं, आणि इकडच्या सवयी तिकडे नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. पुढे तो म्हणाला, "तिला मीच सांगायला हवं होतं. तुम्ही सांगितलंत." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. भटिंड्याच्या एका नवऱ्याने घटस्फोटाच्या खटल्यात बायकोच्या बोलण्याची गुपचूप केलेली रेकॉर्डिंग दिली होती. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती नाकारली. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती चालेल असं सांगितलं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मित्राने बातमी पाठवून लिहिलं, "बघ, तू बरोबर होतास." पण आमचं नातं फेब्रुवारीत मोडलेलं नव्हतं. मोडलेलं असतं तर चाचा माझ्यासमोर रडले नसते.

त्याच आठवड्यात मी आमच्या मौलानांना गाठलं. त्यांना सगळं सांगितलं, शीरखुर्म्याच्या ट्रेसकट. बैठकीतलं बोलणं ही अमानत असते, ही हदीस मला माहीत होती आणि तीच ते ऐकवतील असं वाटत होतं. त्यांनी ऐकवली, पण पूर्ण. अबू दाऊदच्या संग्रहात त्या हदीसला तीन अपवाद जोडलेले आहेत. खुनाची मसलत, अब्रू लुटण्याची मसलत आणि कुणाचा माल नाहक खाण्याची मसलत. या तिन्हींचं गुपित राखायचं नसतं. "पैशाचं बोलणं तू उघड केलंस, त्यात तुझ्या बहिणींचा हक्क होता," मौलाना म्हणाले. "मुलाचं बोलणं त्या तिन्हींपैकी कशात बसतं?"

कशातच बसत नव्हतं.

मग त्यांनी सूरह बकराची कर्जाची आयत काढली. कुरआनमधली ही सर्वात लांब आयत. कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे आपण सगळेच ऐकून आहोत. मी एक गोष्ट कधी नीट पाहिली नव्हती. लिहिणारा लिहील, पण मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर कर्ज आहे त्याने. देणाऱ्याने नाही, वारसाने नाही. घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, अल्लाहला भिऊन, काही कमी न करता, आणि ते त्याच्यासमोर लिहिलं जायचं. नोंद तर हवीच. पण ज्याचा शब्द धरून ठेवायचा, त्याला तो धरला जातोय हे माहीत असायला हवं. अब्बांनी कागद केला नाही याला मी त्यांचा मोठेपणा समजत होतो. आता वाटतं, तो कागद चाचांनाही वाचवणारा होता. चार लोकांत खोटं बोलायची वेळच आली नसती.

मी चाचांकडे गेलो. आधी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्या तोंडून कळायला नको होतं," आणि चहा ठेवायला गेली. मग चाचांची मागितली. पैशाचं मी काही बोललो नाही. दोन महिने असेच गेले. ऑक्टोबरच्या एका जुम्यानंतर चाचाच म्हणाले, "ते मौलाना काय कागदाचं म्हणत होते, करून टाकू."

पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला. मशिदीच्या ओट्यावर मौलाना लिहायला बसले. चाचांनी सांगितलं, माझ्या मोठ्या भावाकडून मी जानेवारी २०२० मध्ये ३ लाख २० हजार घेतले, त्यातले काही परत गेले नाहीत, दर महिन्याला ८ हजार त्याच्या वारसांना देईन. चाळीस महिने. मध्ये त्यांचा आवाज अडकला, तेव्हा मौलानांनी पेन खाली ठेवून वाट पाहिली. दोन माणसांनी साक्षीच्या सह्या केल्या. पहिला हप्ता मी धाकट्या बहिणीला दिला.

मग चाचा म्हणाले, "आता ते पुसून टाक."

मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि फाइल काढून टाकली. डिलीट केलेल्या फाइली जिथे जमतात तिथूनही काढली. बहिणीला पाठवली होती, तिला तिथूनच फोन करून काढायला लावली. वकिलांना दिली नव्हती, ते सांगितलं. चाचा ऐकत होते. त्यांना स्मार्टफोनमधलं फार कळत नाही.

"आणखी कुठे नाही ना?"

"नाही चाचा."

"मला कसं कळणार?"

यावर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, रेकॉर्डिंग तर नव्हतंच. चाचा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझी जबान."

घरी येऊन मी फोनमधली ती सेटिंग बंद केली. पैशाचं बोलायचं असेल आणि नोंद हवी असेल, तर आता मी आधीच सांगतो, "हे मी रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" काही जण नको म्हणतात. मग मी म्हणतो, लिहून पाठवा.

परवा चाचांना फोन केला. सलाम झाला, गुडघ्याचं विचारलं. या वेळी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. विसरले असतील किंवा विचारायचं सोडलं असेल. मीच म्हणालो, "बंद आहे, चाचा."